सगळ्या वर्गाचे उत्तर एकच, आणि तेही चुकलेले

एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका लिहितात (ओळख पटेल असा तपशील त्यांच्या विनंतीवरून वगळला आहे) : ‘या जूनमध्ये मी पहिली ते आठवीच्या शाळेत रुजू झाले. दिवाळीपूर्वी संकलित मूल्यमापन चाचणी झाली. सहावीच्या गणिताच्या उत्तरपत्रिका चाळताना असे दिसले की नफा-तोट्याच्या एका उदाहरणात जवळजवळ सर्व मुलांनी तेच चुकीचे उत्तर, त्याच पायऱ्यांनी लिहिले आहे. काहींनी तर आधी काढलेले बरोबर उत्तर खोडून ते लिहिले आहे. सरांनी उत्तरे फळ्यावर लिहून दिली, असे एका मुलाने आपणहून सांगितले. सर माझ्यापेक्षा सेवाज्येष्ठ आहेत आणि मेहनती आहेत. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, सगळीकडे हेच चालते. आपण एकट्यांनी खरे गुण भरले तर केंद्रातल्या सगळ्या शाळांत आपलीच शेवटची दिसेल.” त्याच आठवड्यात आठवीच्या शिष्यवृत्ती सराव परीक्षेत एका हुशार मुलीच्या कंपासपेटीत चक्रवाढ व्याजाच्या सूत्राची चिठ्ठी सापडली. तिला परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर उभे करावे, असा काही शिक्षकांचा आग्रह आहे. मी काय करावे? वर कळवावे का? आणि पुढच्या चाचणीत हे कसे थांबवावे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील दोन प्रसंगांपैकी ज्या प्रसंगावर शाळेत तावातावाने चर्चा चालू आहे तो लहान आहे, आणि ज्यावर सगळे गप्प आहेत तो मोठा आहे. एका मुलीच्या चिठ्ठीमुळे एका सराव परीक्षेचा एक गुण फार तर इकडचा तिकडे झाला असता. फळ्यावरच्या उत्तरांमुळे सहावीच्या अख्ख्या वर्गाला गणित किती येते ही माहितीच नाहीशी झाली. म्हणून मी मोठ्या प्रसंगापासून सुरुवात करतो.

या चाचण्या कशासाठी आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सरांशी बोलताना ते तुमच्या ओठांवर असावे म्हणून लिहितो. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि नंतरच्या दोन संकलित चाचण्या यांच्या प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून सरकारी व अनुदानित शाळांसाठी सारख्याच येतात, पेपर मात्र शाळेतले शिक्षकच तपासतात आणि गुणही तेच त्यासाठीच्या शासकीय चॅटबॉटवर भरतात. या गुणांवरून सहावीच्या कोणत्याही मुलाला त्याच वर्गात ठेवले जात नाही, कोणाची शिष्यवृत्ती ठरत नाही आणि कोणाला प्रवेश नाकारला जात नाही. कोणत्या मुलाला अजून भागाकार जमत नाही, कोणाला दशांश चिन्हाची जागा कळत नाही, एवढे कळावे आणि त्यावर पूरक अध्यापन व्हावे, इतकाच त्यांचा उपयोग आहे. ताप मोजताना थर्मामीटर तोंडाऐवजी गार पाण्यात धरल्यासारखा हा प्रकार झाला आहे, आणि गंमत म्हणजे या मोजणीत कोणालाही शिक्षा होणार नव्हती. जिथे मुलांना कॉपी करण्याचे काहीच कारण नव्हते, तिथे मोठ्यांनी ती करवून घेतली.

तरीही निष्कर्षाला येण्यापूर्वी थोडे थांबा. सगळ्या वर्गाचे एकच चुकीचे उत्तर येण्याचे एक निर्दोष कारणही असू शकते. शिक्षकाने शेकडा नफा खरेदी किमतीऐवजी विक्री किमतीवर काढायला शिकवले असेल, तर तीस मुले प्रामाणिकपणे तीच चूक करतील, आणि तो प्रश्न शिकवण्याचा ठरेल. त्यामुळे एकाच उदाहरणावर विसंबू नका. संपूर्ण गठ्ठा पुन्हा पाहा. एरवी ज्यांना साधी वजाबाकी जमत नाही त्यांनीही शेवटची अवघड उदाहरणे सोडवली आहेत का? शाब्दिक उदाहरणातले ‘म्हणून’ आणि ‘उत्तर’ हे शब्द सगळ्यांच्या कागदावर एकाच जागी आहेत का? बरोबर उत्तर खोडून चुकीचे लिहिलेली मुले किती आणि कोणती? ही खाडाखोड मला सर्वांत बोलकी वाटते, कारण वर्गाने चुकीची रीत शिकली असती तर मुलांनी आधी बरोबर उत्तर काढलेच नसते. ज्यांना येत होते त्यांनी आपल्या डोक्यावर विश्वास न ठेवता फळ्यावर ठेवला, याचे मला त्या चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक वाईट वाटते.

अशा खुणांवरून गैरप्रकार ओळखण्याचे काम इतरत्र फार तपशिलात झाले आहे. शिकागोच्या सार्वजनिक प्राथमिक शाळांच्या चाचण्यांवर ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका वर्षी वर्गाचे गुण अचानक चढणे व पुढच्या वर्षी तीच मुले दुसऱ्या शिक्षकाकडे गेल्यावर घसरणे, आणि अनेक मुलांच्या उत्तरांचा सलग तुकडा जसाच्या तसा असणे, या दोन खुणा त्यांनी एकत्र तपासल्या. दरवर्षी किमान चार ते पाच टक्के वर्गांमध्ये शिक्षक किंवा प्रशासकांकडून फेरफार होत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्याच देशातील अटलांटा शहरात २००९ च्या चाचण्यांमध्ये चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याचे प्रमाण इतके अस्वाभाविक निघाले की राज्य सरकारने चौकशी नेमली. २०११ च्या अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक यांचा उल्लेख आला आणि २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. तिथे गुणांवर बक्षिसे आणि नोकऱ्या टांगलेल्या होत्या. आपल्याकडे या चाचण्यांवर तसे काहीही टांगलेले नाही, तरी ‘केंद्रात शेवटची शाळा’ एवढी भीतीही पुरते, हे तुमच्या सरांच्या उत्तरातून दिसते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. सहावीच्या गणिताचा गठ्ठा तुमच्या कपाटात कुलूपबंद करा. त्यावर तुम्ही स्वतः काहीही लिहू नका, खोडू नका, गुण बदलू नका. काय दिसले, कोणत्या तारखेला, किती उत्तरपत्रिकांत, कोणत्या प्रश्नांत, याचे एक पानी टिपण त्याच दिवशी करा आणि त्यात विशेषणे घालू नका. ‘सरांनी फसवणूक केली’ असे लिहिण्यापेक्षा ‘प्रश्न क्रमांक अमुक, इतक्या उत्तरपत्रिकांत समान चुकीचे उत्तर, त्यांपैकी इतक्यांत बरोबर उत्तर खोडलेले’ असे लिहिलेले टिपण पुढे कोणाच्याही हातात गेले तरी टिकते. ज्या मुलाने आपणहून सांगितले त्याला पुन्हा बोलावून लेखी जबाब घेऊ नका आणि त्याचे नाव टिपणात घालू नका. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आपल्या सरांविरुद्ध साक्षीदार करण्याची येथे गरजही नाही, कागद पुरेसे बोलत आहेत.

त्यानंतर सरांशी एकट्याने, शाळा सुटल्यावर, दार उघडे ठेवून बोला. तुम्ही त्यांना मेहनती म्हणता, त्यावर मी विश्वास ठेवतो. अशा गोष्टी करणारे बहुतेक शिक्षक आळशी नसतात, त्यांना आपला वर्ग वाईट दिसलेला सोसत नाही इतकेच. संभाषणाची सुरुवात आरोपाने न करता कागद समोर ठेवून ‘हे कसे झाले असेल?’ या प्रश्नाने करा आणि त्यांना बोलू द्या. ‘सगळीकडे हेच चालते’ या वाक्यावर वाद घालू नका. ते काही प्रमाणात खरेही असेल. या चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह यूट्यूबवर फिरत असल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, हे त्यांनाही ठाऊक असणार. त्यांना एवढेच विचारा की आता वर्गातल्या कोणत्या मुलांना शेकडेवारी येते आणि कोणाला नाही, हे ते या गठ्ठ्यावरून सांगू शकतील का. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ हेच आहे, आणि ते त्यांच्या तोंडून आले तर पुढचे काम सोपे होते.

वर कळवावे का, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : कळवावे. तुम्ही मुख्याध्यापिका आहात. सरांना शिक्षा करणे तुमच्या अधिकारात नाही आणि प्रकरण दाबणेही नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आणि १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत आणि त्यांखालील कार्यवाही सक्षम अधिकारी करतील. तुमचे काम सरांचा लेखी खुलासा घेऊन, तुमच्या टिपणासह, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवणे एवढेच आहे. त्या पत्रात दोन गोष्टी नक्की लिहा. एक, त्या वर्गाचे गणिताचे गुण विश्वासार्ह नाहीत, ते भरले नसल्यास भरावेत का आणि भरले असल्यास त्यांचे काय करावे याचे मार्गदर्शन हवे. दोन, तुम्ही शाळा स्तरावर मुलांची पुन्हा चाचणी घेत आहात. खुलाशात सरांनी चूक मान्य केली असेल आणि पुनर्चाचणीला सहकार्य करण्याची तयारी दाखवली असेल, तर तेही तितक्याच ठळकपणे लिहा. माझ्या मते पहिल्या वेळी समज देऊन आणि वर्ग सुधारून घेऊन हा विषय संपावा. पण तो निर्णय वरच्यांनी घ्यावा, तुम्ही मौन पाळून तो परस्पर घेऊ नये. विद्यापीठ, मंडळ अशा परीक्षांसाठी असलेला १९८२ चा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा, पोलिस, गुन्हा वगैरे शब्द शिक्षकांच्या खोलीत फिरू लागले असतील, तर ते तिथेच थांबवा. इथे त्यांचा संबंध नाही आणि भीतीने लोक फक्त अधिक सावध कॉपी करू लागतात.

पुनर्चाचणी हे या सगळ्यातले सर्वांत उपयोगी पाऊल आहे. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा देऊ नका, कारण तिची उत्तरे आता वर्गाला पाठ आहेत. त्याच अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे मुलांना जे यायला हवे त्यावरच, संख्या आणि संदर्भ बदलून एक तासाचा छोटा पेपर दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाकडून तयार करून घ्या. तुमच्या शाळेत गणिताचे दुसरे शिक्षक नसतील तर शेजारच्या शाळेतून मागा. मुलांना कारण सांगताना कोणालाही दोषी ठरवू नका. ‘मागच्या पेपरवरून तुम्हाला काय येते ते आम्हाला नीट कळले नाही, म्हणून हा छोटा पेपर आहे, याचे गुण प्रगतिपुस्तकात जाणार नाहीत’ एवढे पुरे. जी मुले कोरा कागद देतील त्यांच्याशी तोंडी बोला. मुलांना वाचन-गणित किती येते हे पाहणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलासमोर बसतात, वाचायला एक उतारा देतात, एक वजाबाकी आणि एक भागाकार करून घेतात. त्या पद्धतीत शेजाऱ्याचे पाहण्याचा प्रश्नच येत नाही आणि काही मिनिटांत मुलाची पातळी कळते. सहावीच्या पाच-सहा मुलांसोबत तुम्ही स्वतः असे बसलात, तर तुम्हाला गुणांच्या तक्त्यापेक्षा कितीतरी अधिक समजेल.

आता त्या मुलीकडे वळू. तिला परिपाठात उभे करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि शंभर मुलांसमोर अपमान यापेक्षा वेगळा कोणता छळ असतो? शिवाय ती सराव परीक्षा होती. चिठ्ठी काढून घ्या, त्या दिवसाचा पेपर मोजू नका, तिला दुसऱ्या दिवशी दुसरा संच सोडवायला द्या, आणि वर्गशिक्षिकेने तिच्याशी एकटीशी बोलावे. चक्रवाढ व्याजाचे सूत्र लिहून आणणारी मुलगी बहुधा सूत्र पाठ न राहण्याला घाबरलेली असते. ते सूत्र कुठून आले हे तिला एकदा वर्षावर्षाने मांडून दाखवले, तर चिठ्ठीची गरज उरत नाही. घरून दबाव आहे का, हेही पाहा. पालकांना बोलवायचे असेल तर तिच्यासमोर, आणि तक्रार म्हणून न बोलवता अभ्यासाचे नियोजन करण्यासाठी बोलवा. फेब्रुवारीतील खरी परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची आहे, तिथे परीक्षा केंद्राच्या संचालकांना नियमाप्रमाणे वागावे लागते आणि तुम्ही मध्यस्थी करू शकणार नाही, हे तिला शांतपणे सांगून ठेवा. हेही सांगा की ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे असा तो पेपर आहे. चिठ्ठी काढून पाहायला त्यात वेळच नसतो.

जे शिक्षक तिला उभे करायला निघाले आहेत, त्यांना सहावीचा प्रकार ठाऊक आहे का, असा एक खट्याळ प्रश्न माझ्या मनात येतो. बहुधा ठाऊक असावा.

पुढची चाचणी एप्रिलमध्ये येईल. तोवर करण्याजोग्या बंदोबस्तापैकी सर्वांत प्रभावी उपाय एकच आहे : आपला वर्ग आपण सांभाळायचा नाही आणि आपला गठ्ठा आपण तपासायचा नाही. सहावीच्या वर्गावर चौथीच्या बाई, चौथीच्या वर्गावर सातवीचे सर, आणि तपासणीही तशीच आलटून पालटून. मंडळानेही २०२५ च्या दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांचे नेमण्याचे ठरवले होते; विरोधानंतर ते पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांपुरते राहिले. तुमच्या शाळेत विरोध कमी व्हावा म्हणून हा नियम फक्त सहावीपुरता करू नका, सर्व वर्गांना एकदम लावा आणि सरांचे नाव त्यात कुठेही येऊ देऊ नका. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे चाचणीच्या सकाळी दोन शिक्षकांसमोर फोडा, उरलेल्या प्रती मोजून परत कपाटात ठेवा, मोबाइल कार्यालयात ठेवायला सांगा आणि त्यात तुमचाही ठेवा. जागा असेल तर सहावी आणि आठवी एका बाकावर बसवा. तपासलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातील काही उत्तरपत्रिका तुम्ही पुन्हा तपासा. त्या कोणत्या असतील हे आधी कोणालाही सांगू नका. दारावर भरारी पथक उभे करण्याची शाळेत काही आवश्यकता नाही.

पण एवढ्याने भागणार नाही, कारण मूळ गुणांच्या तक्त्यात आहे. केंद्राच्या बैठकीत शाळांची गुणानुक्रमे यादी वाचली जात असेल, तर ती थांबवणे तुमच्या हातात नाही. तुमच्या शाळेतल्या बैठकीत मात्र ‘कोणाचा वर्ग किती टक्के’ हा प्रश्न विचारायचे तुम्ही आजपासून बंद करू शकता, आणि त्याऐवजी ‘कोणत्या मुलाला कशात मदत हवी आणि ती कोण करणार’ हा विचारू शकता. टक्केवारीवर किती विसंबावे, याचे उदाहरण दहावीच्या निकालात आहे. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले गेले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये अंतर्गत गुण परत आले आणि तो ९५.३० टक्के झाला. दोन वर्षांत महाराष्ट्रातली मुले आधी मंद आणि मग तल्लख झाली, असे कोणी म्हणणार नाही. हे आकडे सरांना दाखवा. तक्त्यातल्या क्रमांकाची भीती कमी व्हायला त्यांचा उपयोग होईल.

खरी चाचणी घेतल्यावर सहावीचे गुण खाली येणार, हे धरून चला. गावात कुजबुज होण्यापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तुम्ही स्वतः सांगा की यापुढे तपासणी दुसरे शिक्षक करतील, आकडे सुरुवातीला कमी दिसतील, आणि कमी गुण मिळालेल्या मुलांसाठी रोज अमुक वेळेला पूरक वर्ग होईल. पूरक वर्गाचे वेळापत्रक हातात असल्याशिवाय ही बैठक घेऊ नका. नुसता घसरलेला आकडा घेऊन पालकांसमोर गेलात तर पुढच्या वेळी फळ्यावर उत्तरे लिहिण्याचा आग्रह पालकच धरतील. सहावीचा पूरक वर्ग शक्य असेल तर त्याच सरांकडे द्या. गणित त्यांना चांगले येत असणार, आणि शिक्षा म्हणून बाजूला काढलेला ज्येष्ठ शिक्षक शाळेचे जितके नुकसान करतो तितके फार थोडी माणसे करू शकतात.

राहता राहिली एक शक्यता, जिचा उल्लेख तुम्ही केला नाही पण जी तुमच्या मनात असणार : केंद्रप्रमुखच म्हणाले की ‘मॅडम, कशाला वाढवता, गुण भरून टाका’, तर काय? अशा वेळी वाद न घालता ‘तसे लेखी द्या, मी त्याप्रमाणे करते’ असे नम्रपणे म्हणा. लेखी बहुधा मिळणार नाही. तुमचे पत्र मात्र जावक क्रमांक टाकून पाठवा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि ती प्रत सहावीच्या गठ्ठ्यासोबत त्याच कपाटात ठेवा. पुनर्चाचणीसाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. ती या आठवड्यातच घ्या.